शरत कमल : पस्तिशीनंतर रंगलेली कारकीर्द

बॅकहँड_ब्लॉक (धागाकर्ता)

मार्च २०२५ च्या शेवटी आपला टेबल टेनिसपटू (टीटी) अचंता शरत कमल चेन्नईत त्याची अखेरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला. स्नेहित सुरवज्जुला या आपल्याच तरुण खेळाडूनं त्याला सरळ तीन गेममध्ये घरी पाठवलं. घरी म्हणजे अगदी शब्दशः, कारण गाव त्याचंच. आयपीएल सुरू होऊन आठवडा झालेला, त्यामुळे बातमी किती जणांपर्यंत पोचली देव जाणे. इथेही धागा दिसला नाही, म्हणून म्हटलं आपणच काढू.

पदकांची यादी कुठेही मिळते, ती उतरवून काढत नाही. मला त्या यादीतला एकच हिशेब मांडायचाय. शरतचा जन्म जुलै १९८२ चा, म्हणजे पस्तिशी गाठली २०१७ मध्ये. राष्ट्रकुल खेळांतली त्याची एकूण पदकं १३. त्यातली ६ पस्तिशीच्या आधीची (२००६, २०१०, २०१४) आणि ७ नंतरची (२०१८, २०२२). आशियाई खेळांतली दोन्ही ब्राँझ २०१८ ची, वय ३६. जागतिक क्रमवारीतला सर्वोत्तम ३० वा क्रमांक २०१९ चा. चीनच्या मा लाँगला घाम फोडला तो टोकियो ऑलिंपिकमध्ये, वय ३९. आणि २०२२ च्या राष्ट्रकुल खेळांत बर्मिंगहॅमला एका खेपेत तीन सुवर्ण नि एक रौप्य, तेव्हा चाळिशी पूर्ण.

टीटी म्हणजे रिफ्लेक्सचा खेळ, पंचविशीनंतर उतरण लागते, हे लहानपणापासून ऐकत आलोय. मग हा माणूस उलटा कसा चढला?

माझं निरीक्षण असं. शरत सहा फुटांहून उंच गडी. वडील श्रीनिवास राव आणि काका मुरलीधर राव हेच प्रशिक्षक. लांब हात, त्यामुळे टेबलापासून दोन पावलं मागे सरकून ओढलेला फोरहँड टॉपस्पिन हे हुकमाचं पान. २००४ मध्ये क्वालालंपूरला राष्ट्रकुल अजिंक्यपद आणि २००६ मध्ये मेलबर्नला विल्यम हेन्झेलला त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवून मिळवलेलं एकेरीचं सुवर्ण, हे सगळं त्या फोरहँडच्या जिवावर. बॅकहँड मात्र चेंडू परत टाकण्यापुरता. चांगले खेळाडू त्याला त्या कोपऱ्यात डांबायचे आणि तो फोरहँडसाठी टेबलाभोवती फेऱ्या मारायचा.

२०१४ पासून सेल्युलॉइडचा चेंडू गेला आणि प्लॅस्टिकचा आला. फिरकी कमी झाली. लांबून ओढलेला टॉपस्पिन पूर्वी टेबलावर पडून जी उसळी घ्यायचा ती राहिली नाही, समोरचा आरामात ब्लॉक करू लागला. त्यात २०१५ मध्ये मांडीच्या स्नायूची मोठी दुखापत. वय ३३, इंडियन ऑइलची नोकरी, घरात राष्ट्रीय करंडकांची रांग. इथे थांबला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

त्याऐवजी त्यानं टेबलाजवळ उभं राहायला सुरुवात केली. बॅकहँड चेंडू वर येताना लवकर मारायचा, सर्व्हिस आखूड ठेवायची, तिसऱ्या-पाचव्या चेंडूतच पॉइंटचा निकाल लावायचा. २०१८ नंतरचे सामने २००६ च्या सामन्यांशेजारी लावून बघा, उभं राहण्याची जागाच वेगळी आहे. तिशीनंतर स्टान्स बदलणं काय असतं हे ज्यांनी प्रयत्न केलाय त्यांनाच कळेल. हात जुन्याच ठिकाणी जातो!

तुमचं काय मत? खेळणाऱ्यांनी लिहा, नुसतं बघणाऱ्यांनीही लिहा.

---

टवाळ_पोपट

लेख छान. पण खडा टाकतो. राष्ट्रकुल खेळांत चीन नाही, जपान नाही, कोरिया नाही, जर्मनी-स्वीडनही नाहीत. टीटीत हे देश वगळले की उरतं काय? १३ काय नि ३० काय, तो आकडा फुगलेलाच. ऑलिंपिकला पाच वेळा गेला, एकेरीत तिसऱ्या फेरीच्या पुढे एकदाही नाही.

---

पेनहोल्डर

पोपटराव, मुद्दा खरा आहे आणि अर्धा आहे.

२००६ चा सिंगापूर संघ आठवा. चीनमध्ये तयार होऊन आलेले खेळाडू त्या संघात होते. त्या संघाला आपण सांघिक अंतिम सामन्यात ३-२ नं हरवलं. ते टीव्हीवर बघताना आमच्या क्लबातले म्हातारेही खुर्चीवर उभे होते. २०२२ ला नायजेरियाविरुद्धच्या सांघिक उपांत्य सामन्यात शरतनं क्वाद्री अरुणाला पाडलं. अरुणा तेव्हा जगातल्या पहिल्या वीसांतला. तो कुठल्या खंडातून आला यानं त्याच्या फोरहँडचा वेग कमी होत नाही.

आता धागाकर्त्यांच्या प्लॅस्टिक चेंडूच्या मुद्द्यात भर घालतो. एकटा चेंडूच बदलला नाही. मी ज्या काळात खेळलो तेव्हा चेंडू ३८ मिलिमीटरचा आणि गेम २१ चा. २००० मध्ये चेंडू ४० चा झाला, २००१ मध्ये गेम ११ चा, २००२ मध्ये हात आडवा धरून लपवलेली सर्व्हिस बंद. शरत वरिष्ठ गटात नाव काढायला लागला तो नेमका या सगळ्या उलथापालथीत. मग २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर स्पीड ग्लूवर बंदी आली.

तरुण मंडळींसाठी सांगतो. सामन्याआधी रबर सोलून त्याला सॉल्व्हंटवाला डिंक लावायचा आणि पुन्हा चिकटवायचं. स्पंज फुगायचा, ताणला जायचा, बॅटला चेंडू लागला की गोफणीतून सुटल्यासारखा जायचा. आवाजही वेगळा, टणक. ड्रेसिंग रूममध्ये पंक्चरच्या दुकानासारखा वास. त्या वाफा आरोग्याला वाईट म्हणून बंदी आली, ते योग्यच झालं. पण ज्यांचा खेळच लांबून जोरात ओढण्यावर उभा होता त्यांचे हात रातोरात अर्धे झाले. आमच्याकडचे कित्येक चांगले खेळाडू तिथेच थांबले. शरतनं हे दोनदा पचवलं, एकदा २००८ ला आणि एकदा २०१४ ला.

---

मृण्मयी_ठाणे

@पेनहोल्डर, वासाचं वर्णन वाचून जिमखान्याचा मागचा व्हरांडा डोळ्यांसमोर आला. आईला वाटायचं आम्ही पोरं तिथे भलतंच काहीतरी हुंगतो.

बर्मिंगहॅमबद्दल मात्र मला वेगळी गोष्ट जास्त आवडते. तुम्ही म्हणता तो अरुणावरचा विजय झाला आणि लगेच अंतिम सामन्यात सिंगापूरच्या क्लॅरेन्स च्यूनं शरतला हरवलं. संघातला सगळ्यांत मोठा खेळाडू आणि अंतिम सामन्यात भारतानं गमावलेला एकमेव सामना त्याचा! हरमीत देसाई आणि साथियाननं दुहेरी जिंकली होती, मग साथियाननं एकेरी जिंकली, हरमीतनं च्यूला हरवून ३-१ केलं. चौथा भिडू आपला मुंबईचा सनिल शेट्टी, तो २०१८ च्या सुवर्णसंघातही होता. आपल्या ठाण्याची मधुरिका पाटकर २०१८ च्या महिला सुवर्णसंघात होती, तेही या निमित्तानं नोंदवते. गोल्ड कोस्टला दोन्ही संघांनी सुवर्ण आणलं हे लोक विसरतात.

२००६ मध्ये शरत हरला की भारत हरायचा. २०२२ मध्ये शरत हरला आणि भारत तरीही जिंकला. त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा बदल मला हा वाटतो, स्टान्सपेक्षाही.

---

बॅकहँड_ब्लॉक

@मृण्मयी, हे नेमकं पकडलंत. आणि त्यानंतर काय झालं बघा. मिश्र दुहेरीत श्रीजा अकुलाबरोबर सुवर्ण. पुरुष दुहेरीत साथियानबरोबर अंतिम फेरी, समोर पॉल ड्रिंकहॉल आणि लियम पिचफर्ड, तीच इंग्लिश जोडी जिनं २०१८ लाही अंतिम फेरीत हरवलं होतं. पुन्हा हार, पाच गेममध्ये. मग एकेरीच्या उपांत्य फेरीत ड्रिंकहॉल, अंतिम फेरीत पिचफर्ड. दोघांनाही एकेकटं गाठून हरवलं.

पिचफर्डविरुद्धचा स्कोअर पाठ आहे : ११-१३, ११-७, ११-२, ११-६, ११-८. पहिला गेम ड्यूसवर गेल्यावर आमच्या घरी सगळे उठून जेवायला बसले. तिसऱ्या गेमचा ११-२ बघायला मी एकटाच. त्या गेममध्ये पिचफर्डला कळेना की चेंडू बॅकहँडवर टाकावा की फोरहँडवर, कारण आता दोन्हीकडून मार बसत होता. सोळा वर्षांच्या अंतरानं एकेरीची दोन सुवर्णं. मधल्या काळात चेंडू वेगळा, डिंक वेगळा, खेळाडू जवळजवळ वेगळा.

---

स्टुटगार्टकर

वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो.

भारतातल्या चर्चेत एक गोष्ट नेहमी सुटते, ती म्हणजे शरत युरोपात काय करत होता. इथल्या बुंडेसलीगात, म्हणजे जर्मन लीगमध्ये, तो बरीच वर्षं खेळला, जर्मनीचा स्टार टिमो बोलच्या बोरुसिया ड्युसेलडॉर्फकडूनसुद्धा. इथे टीटी म्हणजे गावोगावचा क्लब. जेमतेम काही हजार वस्तीच्या गावातही लीगमधला संघ असतो, आणि शनिवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये चारशे-पाचशे लोक सॉसेज खात बसून बघतात. झगमगाट नाही. पण दर आठवड्याला जागतिक क्रमवारीतला कुणीतरी समोर, आणि हरलात तर पुढच्या रविवारी गाडी चालवत दुसऱ्या गावी.

भारतात त्या काळी काय होतं? वर्षाला एक राष्ट्रीय स्पर्धा, काही झोनल, संस्थांच्या स्पर्धा. अल्टिमेट टेबल टेनिस सुरू झालं २०१७ मध्ये. त्याआधी ज्याला चांगल्याविरुद्ध रोज खेळायचं होतं त्याला घर सोडावंच लागायचं. शरतचा बॅकहँड चेन्नईत सुधारला नाही, इथल्या हॉलांमध्ये मार खाऊन सुधारला, असं मी म्हणेन.

आणि वयाचं म्हणाल तर टिमो बोल त्याच्याहून सव्वा वर्षानं मोठा, तोही पॅरिस ऑलिंपिक खेळूनच आंतरराष्ट्रीय खेळातून थांबला. लक्झेंबर्गची नी शिया लियान तर पॅरिसला एकसष्टाव्या वर्षी सामना जिंकली. शरतचं पहिलं ऑलिंपिक अथेन्स २००४. तिथे स्वीडनचा यान-ओव्ह वाल्डनर अडतिसाव्या वर्षी चीनचा मा लिन आणि बोल या दोघांना हरवून उपांत्य फेरीत पोचला होता. बावीस वर्षांच्या शरतनं ते जवळून पाहिलं असणार. पंचविशीनंतर उतरण ही समजूत आपल्याकडची आहे. आपल्याकडे पंचविशीत नोकरी लागते आणि सराव सुटतो, म्हणून.

---

टवाळ_पोपट

सॉसेज खात टीटी बघायला माझी काही हरकत नाही.

पण मूळ मुद्दा सोडलेला नाही. आशियाई खेळांचं ब्राँझ मान्य, १९५८ पासून तिथे टीटी आहे आणि २०१८ पर्यंत आपल्याला एकही पदक नव्हतं. तरी उपांत्यपूर्व फेरीत जपानला हरवलं तो जपानचा पहिल्या फळीचा संघ नव्हता हेही लिहा की. आणि उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही ब्राँझ मिळतं तिथे.

---

पेनहोल्डर

लिहिलं तुम्हीच, बरं झालं. साठ वर्षांत जपान, कोरिया, तैपेई यांनी किती वेळा दुय्यम संघ पाठवले असतील आणि आपण तेव्हाही हरलोच, हे पण त्याच्याखाली लिहा.

शिवाय जकार्ताला मनिका बत्राबरोबर मिश्र दुहेरीचं ब्राँझ आलं त्याचं काय? तिथे वाटेत कोरियन जोड्या होत्या. मनिकाची लाँग पिंपलवाली (लांब दाण्यांच्या रबराची) बाजू चेंडू मरगळून परत पाठवते, समोरचा जपून उचलतो आणि शरत तो उचललेला चेंडू फोरहँडनं झोडतो. एकीनं सापळा लावायचा, दुसऱ्यानं मारायचं. दुहेरीत एकाआड एक मारावं लागतं म्हणून ही जोडी इतकी त्रासदायक. मला वाटतं भारतीय टीटीतली डोक्यानं खेळलेली सर्वांत सुंदर जोडी.

---

उत्सुक_आई

नमस्कार, मला खेळातलं फार कळत नाही. मुलगा नऊ वर्षांचा आहे, दीड-दोन वर्षं खेळतोय. त्याच्या सरांनी आता बॅकहँडला लाँग पिंपल लावू म्हटलंय, जिल्हा स्पर्धेत लवकर निकाल दिसेल म्हणून. या धाग्यावर पिंपलचा विषय निघाला म्हणून विचारते. लावावं का? विषयांतराबद्दल क्षमस्व.

---

मृण्मयी_ठाणे

विषयांतर कसलं, हाच विषय आहे.

मी खेळले आहे म्हणून सांगते. नऊ वर्षांच्या मुलांना समोरून पिंपलवर उलटी फिरकी आली की ती जाळ्यात मारतात. तुमचा मुलगा दोन वर्षं जिंकेल. तोवर बॅकहँडनं स्वतः फिरकी कशी द्यायची हे तो शिकणारच नाही, आणि चौदाव्या वर्षी समोरच्यांना पिंपल कळायला लागले की अडकेल. मनिकाचं उदाहरण सगळे देतात. ती बॅट हातात फिरवून दोन्ही रबरांनी मारते, त्यामागे काय मेहनत आहे ते दिसत नाही. सरांशी बोला, त्यांचं म्हणणं नीट ऐका, पण मुलाचा पाया दोन्ही बाजूंनी साध्या रबरावर घालू द्या. शरतनं बॅकहँड पस्तिशीत सुधारला. तुमच्या मुलाला तेवढं थांबायला लावू नका.

---

उत्सुक_आई

खूप आभार ताई. आज संध्याकाळीच सरांशी बोलते.

---

कोल्हापुरी_चॉप

ह्या धाग्यावर कमलेश मेहतांचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणजे कमालच झाली. आठ वेळा राष्ट्रीय विजेते, मुंबईचे, सोल आणि बार्सिलोना ऑलिंपिक खेळलेले. त्यांचा आठचा विक्रम शरतनं जानेवारी २०१९ मध्ये कटकला नववं विजेतेपद मिळवून मोडला आणि २०२२ ला शिलाँगला दहावं घेतलं.

आमच्या वडिलांच्या मते मेहतांची आठ मोठी, कारण त्यांच्या वेळी देशात स्पर्धा जास्त तगडी होती. मला ते पटत नाही. शरतनं शेवटचं विजेतेपद घेतलं तेव्हा मैदानात साथियान, हरमीत, मानव ठक्कर असे सगळे होते. साथियान तर २०१९ मध्ये क्रमवारीत २४ वा होता, शरतच्याही वर. रात्री जेवताना हा वाद अजून चालतो.

---

बॅकहँड_ब्लॉक

@चॉप, वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि वाद चालू ठेवा.

पोपटराव, तुमच्यासाठी टोकियो. तिसऱ्या फेरीत मा लाँग, गतविजेता आणि पुढे त्याही वेळचा सुवर्णविजेता. ७-११, ११-८, ११-१३, ४-११, ४-११. आकड्यांत १-४ दिसतं. पण तिसरा गेम ११-१३ आहे, तो शरतकडे आला असता तर २-१ आघाडी होती. त्या गेममध्ये मा लाँगचा चेहरा बघा, नेहमीचा दगडी चेहरा नाही. नंतरच्या दोन गेममध्ये त्यानं सर्व्हिस बदलली आणि दार बंद केलं, तेही तितकंच खरं. आदल्या फेरीत पोर्तुगालच्या टियागो अपोलोनियाला ४-२ नं हरवून शरत इथवर आला होता.

मार्च २०२० चं ओमान ओपनही धरा. अंतिम सामन्यात मार्कोस फ्रेटास, शेवटचा गेम १७-१५. त्याआधीचं त्याचं विजेतेपद २०१० चं, इजिप्त ओपन आणि यूएस ओपन एकाच वर्षी. मध्ये दहा वर्षं कोरडी. आणि २०२४ ला सिंगापूर स्मॅशमध्ये एकेचाळिसाव्या वर्षी पात्रता फेरीपासून सुरू करून, दार्को योर्गिच आणि ओमर असार यांना हरवत उपांत्यपूर्व फेरी. इथे चीन-युरोप सगळे होते. त्या एका आठवड्यानं त्याची क्रमवारी वर नेली आणि पॅरिसच्या एकेरीचं तिकीट मिळालं.

---

टवाळ_पोपट

सिंगापूर स्मॅश मान्य. तो पुरावा आधी द्यायचा होता, राष्ट्रकुलची बेरीज शेवटी.

पॅरिसबद्दल मात्र कुणी बोलत नाहीये. सिंधूबरोबर ध्वज घेऊन गेला आणि पहिल्याच फेरीत स्लोव्हेनियाच्या देनी कोझुलकडून २-४. कोझुलची क्रमवारी त्याच्यापेक्षा बरीच खालची. ते तिकीट एखाद्या तरुणाला मिळायला हवं होतं का, हा प्रश्न त्या वेळी सगळ्यांनी गिळला.

---

स्टुटगार्टकर

क्रमवारीनं मिळालेली जागा कुणी दान का करावी? साथियानला एकेरीत जागा मिळाली नाही याचं वाईट मलाही वाटलं, पण नियम आधी ठरलेले होते आणि शरतनं ते गुण सिंगापूरला सामने जिंकून मिळवले होते, मान म्हणून नव्हे.

कोझुलविरुद्ध तो वाईट खेळला, यात दुमत नाही. त्यानंतर सांघिक सामन्यात चीनच्या फान झेनदोंगकडून पहिला गेम घेतला आणि मग हरला. बेचाळीस वर्षांचं शरीर एका गेमपुरतं जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला पुरतं, चार गेमला पुरत नाही. भारतीय पुरुष संघ सांघिक ऑलिंपिकसाठी पात्र ठरला तो पॅरिसलाच पहिल्यांदा. पहिल्याच फेरीत चीन समोर यावा हे नशीब.

---

कोल्हापुरी_चॉप

आणि तो सांघिक प्रकारच आता गेला! लॉस एंजेलिस २०२८ मध्ये पुरुष सांघिक नाही, महिला सांघिक नाही. त्याऐवजी मिश्र सांघिक, शिवाय पुरुष आणि महिला दुहेरी परत आणली आहे. म्हणजे इतकी वर्षं धडपडून आपला पुरुष संघ एकदाचा आत पोचला आणि दारच काढून टाकलं.

पोपटरावांसाठी खूशखबर : ग्लासगो २०२६ च्या राष्ट्रकुल खेळांत टीटी ठेवलेलंच नाही. बेरजेचा प्रश्न मिटला.

---

टवाळ_पोपट

अरे, मी टीका केली म्हणजे बंद करा म्हटलं नव्हतं. आता नवीन पोरांना शासनाची नोकरी नि बक्षीस कशावर मिळणार?

---

पेनहोल्डर

हा खरा प्रश्न. राष्ट्रकुल पदकाची किंमत तुम्ही कमी धरा, पण त्याच पदकांवर खेळाडूंना नोकऱ्या, पुरस्कार, प्रायोजक मिळत आले. ती पायरी निघाल्यावर मुलांना थेट डब्ल्यूटीटीच्या (वर्ल्ड टेबल टेनिस मालिकेच्या) स्पर्धांत गुण मिळवत फिरावं लागणार, म्हणजे विमानाचं तिकीट, हॉटेल, सोबत प्रशिक्षक. हे खिशातून किती पालकांना जमेल? शरत २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या खेळाडू समितीवर निवडून गेला, तिथे त्यानं यावर आवाज उठवला तर त्याच्या अकराव्या राष्ट्रीय विजेतेपदापेक्षा उपयोगी.

---

बॅकहँड_ब्लॉक

लॉस एंजेलिसचा बदल मला आपल्या पथ्यावर पडणारा वाटतो. पुरुष संघात आपल्याला चीन-जपान-जर्मनीसमोर तीन तगडे एकेरी खेळाडू लागायचे, ते आपल्याकडे एकाच वेळी क्वचित असतात. मिश्र आणि दुहेरीत आपण आधीपासून बरे आहोत. मानुष शहा आणि मुंबईची दिया चितळे यांनी २०२५ मध्ये ट्युनिसला डब्ल्यूटीटी कंटेंडरची मिश्र दुहेरी जिंकली, अंतिम फेरीत जपानी जोडी होती. तो सामना अजून पाहिला नसेल तर पाहा. दियाच्या बॅकहँडवर वेगळा धागा काढायचाय, पेनहोल्डरकाका, तुम्ही सुरुवात करता का?

---

पेनहोल्डर

रविवारी काढतो. तोवर पोपटरावांनी ट्युनिसचा सामना बघून यावं, म्हणजे खडे नवीन मिळतील.